मांजराचे पाणी

‘मांजर’ हा शब्द संस्कृत ‘मार्जार’ या शब्दापासून, प्राकृतातील ‘मज्जार’, ‘मंजार’ अशा रूपांच्या वाटेने मराठीत आला. ‘मार्जार’ या शब्दाच्या मुळाशी ‘मृज्’ हा धातू सांगितला जातो. मृज् म्हणजे पुसणे, घासणे, स्वच्छ करणे. केरसुणीला संस्कृतात ‘संमार्जनी’ म्हणतात ते याच धातूमुळे, आणि दोषाचे ‘परिमार्जन’ होते तेही याच धातूच्या बळावर. दिवसातून अनेकदा स्वतःचे अंग चाटूनपुसून लख्ख करणारा प्राणी तो मार्जार. ज्याने हे नाव प्रथम उच्चारले त्याने मांजराला बराच वेळ निवांत बसून पाहिले असले पाहिजे.

याच धातूपासून आणखी एक शब्द झाला आहे, ‘मार्जन’. संध्येत जलदेवतांच्या ऋचा म्हणत अंगावर पाण्याचे थेंब शिंपडतात, त्या विधीचे हे नाव. म्हणजे ज्या धातूने पाण्याने होणाऱ्या शुद्धीला नाव दिले, त्याच धातूने पाण्याचा शिंतोडा उडताच अंग झटकून पळणाऱ्या प्राण्यालाही नाव दिले. वर्गात हा दाखला मी पंचवीसेक वर्षे देत आले आहे. विद्यार्थी हसतात, आणि हसल्यामुळे धातू त्यांच्या लक्षात राहतो. अध्यापकाला एवढे पुरते. पण अलीकडे मला या दोन शब्दांतला विरोध वाटतो तितका खरा आहे का, असा प्रश्न पडू लागला आहे. त्याला कारण भाषाविज्ञान नव्हे, आमच्या घरातले मांजर आहे.

मालवणजवळच्या आमच्या गावी हे दोन शब्द रोज सकाळी शेजारी शेजारी बसलेले मी पाहिले आहेत. वडील पडवीत पाट मांडून संध्येला बसत. पडवीच्या दुसऱ्या टोकाला, पहिले ऊन जिथे पडे नेमके तिथे, घरचे मांजर बसलेले असे. वडील पळीतल्या पाण्यात बोटे बुडवून थेंब उडवू लागले, की ते मांजर न उठता कान मागे पाडी आणि अंतराचा अंदाज घेई. थेंब आपल्यापर्यंत येत नाहीत एवढी खात्री पटली, की एक पंजा उचलून त्याचे मार्जन सुरू होई. आधी पंजा, मग कानामागचा भाग, मग गाल, मग मान वळवून पाठ. त्या क्रमात मी कधी फरक पाहिला नाही. वडिलांचा विधी आधी संपे, मांजराचा पुष्कळ नंतर.

आमचे घर शाकाहारी. मांजर तसे नव्हते. दुपारी ते गाबीतवाडीकडे जाई आणि संध्याकाळी मिशा चाटत परत येई. आईला ते ठाऊक होते. ती त्याविषयी बोलत नसे. आम्ही मुले मात्र सुट्टीत रापण ओढायची असली की किनाऱ्यावर जात असू. जाळ्याच्या दोन्ही दोरांना माणसे लागलेली असत, आणि जाळे जवळ येऊ लागले की कावळे, घारी, कुत्री यांची गर्दी होई. कुत्री सरळ पाण्यात शिरत, लाटेने आडवी होत, पुन्हा उठत. मांजरे शिरत नसत. ती सगळी एका ओळीत बसत. आम्हाला वाटे ती कुठेही बसली आहेत. पण लाट वर चढून आली की कळे, ती त्यांच्या पायांपासून हातभर अलीकडे थांबे आणि मागे जाई. भरती चढत असेल तर ती ओळ न बोलता दोन पावले मागे सरके. माशाचा वास नाकाशी असताना पाण्याची कड इतकी अचूक ओळखणारा प्राणी पाण्याला नुसता घाबरतो, असे म्हणणे मला अपुरे वाटते. भीतीने माणूस इतके बारकाईने पाहत नाही. पाहतो तो हिशेबाने.

मांजराला भिजणे का आवडत नाही याची कारणे अगदी साधी आहेत. त्याची आतली मऊ लव पाणी शोषून घेते, जड होते आणि लवकर वाळत नाही. तेवढा वेळ अंगातली ऊब जात राहते. शिवाय स्वतःच्या अंगाचा जो गंध त्याने चाटून चाटून नीट राखलेला असतो तो धुऊन जातो. भिजलेले मांजर आपल्याला केविलवाणे दिसते, आणि मराठीने त्या दिसण्याची उपमाही करून ठेवली आहे. पण ही नावड सगळ्या मार्जारकुळाची नाही. ताडोबाच्या उन्हाळ्यात पाणवठ्यात मानेपर्यंत बसलेला वाघ छायाचित्रांतून आपण सर्वांनी पाहिला आहे. सुंदरबनातले मासे पकडणारे मांजर तर पाण्यात सूर मारते. पश्चिम बंगालने त्याला आपला राज्यप्राणी मानले आहे. आपल्याकडचे रानमांजरही पाणथळ जागेतल्या लव्हाळ्यांतून सहज फिरते. पाण्याशी अंतर राखते ते घरातले मांजर, आणि त्याचे कारण त्याच्या माहेरात आहे.

घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातले एक लहानसे, वाळूच्या रंगाचे रानमांजर. शास्त्रज्ञ त्याला ‘फेलिस लिबिका’ म्हणतात. शेती सुरू झाली, धान्य साठवले जाऊ लागले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे हे मांजर आले, अशी त्याच्या माणसाळण्याची कथा सांगतात. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस या ठिकाणी सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. माणसाच्या शेजारी, हातभर अंतरावर, एक मांजर पुरलेले होते. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. सायप्रसवर मूळची मांजरे नव्हती. मुख्य भूमीपासून ते बेट सत्तरएक किलोमीटर दूर आहे. म्हणजे माणसाजवळचे जे आरंभीचे मांजर आपल्याला ठाऊक आहे ते नावेत बसून समुद्र ओलांडून गेले होते. ते स्वतः नाही तर त्याचे आईबाप. पुढे कित्येक शतके जहाजांवर उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजरे पाळली गेली आणि जगातल्या बंदराबंदरांतून ती उतरत गेली. ज्याला अंगावर थेंब नको, त्या प्राण्याने जग पाहिले ते पाण्यावरून.

आता तहानेकडे वळू. संस्कृत भाषेला कोण कसे पाणी पितो याचे मोठे कुतूहल होते. झाड पायांनी पिते म्हणून ते ‘पादप’. हत्ती आधी सोंडेने आणि मग तोंडाने, असा दोनदा पितो म्हणून तो ‘द्विप’. चातकाविषयी तर बोलायलाच नको, त्याच्या तहानेवर कवींच्या पिढ्या जगल्या. मांजराची नावे अमरकोशात आहेत, ‘बिडाल’ आहे, ‘ओतु’ आहे, उंदीर खाणारा या अर्थी ‘आखुभुक्’ आहे. पण त्याच्या पिण्यावरून पडलेले नाव नाही. मराठीत पाहावे तर मांजर डोळे मिटून दूध पिते, मांजर शिंक्याकडे टक लावून बसते, त्याच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची याची चर्चा होते, ते आडवे जाते, उंदराला साक्ष देते. माझ्या ऐकण्यातल्या कोणत्याही म्हणीत ते पाणी पीत नाही. दूध आणि मांजर यांची सांगड भाषेने इतकी घट्ट घातली आहे, की पाणी ही मांजराची गरज असू शकते हे आपल्या ध्यानीच येत नाही. वास्तविक दुधातली साखर पुष्कळशा मोठ्या मांजरांना पचत नाही. म्हणीला त्याच्याशी कर्तव्य नसते.

भाषेच्या अभ्यासकाने इथे क्रियापदापाशी थोडे थांबावे. मांजर पाणी ‘पिते’ की ‘चाटते’? आपण दोन्ही म्हणतो. पिणे म्हणजे द्रव पदार्थ ओठांनी आत घेणे. मांजराला गाल घट्ट मिटून ओढता येत नाही, म्हणून आपल्या अर्थाने ते पीत नाही. चाटणे म्हणजे जिभेने पृष्ठभाग पुसून घेणे. तेही ते पाण्याच्या बाबतीत करत नाही. २०१० साली अमेरिकेतल्या चार संशोधकांनी अतिवेगवान छायाचित्रण करून ‘सायन्स’ या नियतकालिकात या प्रश्नाचे उत्तर दिले. त्यांतल्या रोमन स्टॉकर यांना हा प्रश्न आपल्या घरच्या मांजराला पाणी पिताना पाहून सुचला होता. मांजर जिभेचे टोक मागे वळवून पाण्याला नुसते टेकवते आणि झटकन वर उचलते. जिभेला चिकटून पाण्याचा एक बारीक स्तंभ वर येतो. तो वर येण्याच्या वेगाने चढत असतो आणि त्याच वेळी त्याचे वजन त्याला खाली खेचत असते. दोन्हींचा तोल जाण्याच्या नेमक्या क्षणी मांजर तोंड मिटते आणि स्तंभाचा वरचा तुकडा आत राहतो. असे एका सेकंदात साडेतीन-चार वेळा. प्रत्येक वेळी आत जाते ते एका मिलिलिटरचा सातवा भाग असावे इतके थोडे पाणी. या क्रियेला मराठीत शब्द नाही. ‘टिपणे’ हा शब्द मला जवळचा वाटतो. पक्षी दाणा टिपतो, शाईचा कागद शाई टिपतो, तसे मांजर पाणी टिपते, आणि हनुवटी कोरडी ठेवते.

इतके थोडे पिऊन त्याचे भागते कसे? याचे उत्तर ‘आखुभुक्’ या नावात दडलेले आहे. उंदराच्या शरीरात वजनाच्या सुमारे दोनतृतीयांश किंवा थोडे अधिक पाणीच असते. कोरड्या मुलखातले मांजर दिवसाला काही उंदीर मारी, आणि जेवण व पाणी दोन्ही एका घासात उरकी. उंदीर म्हणजे चार पायांवर पळणारी पखालच. शिवाय त्याची मूत्रपिंडे विलक्षण काटकसरी. शरीरातली टाकाऊ द्रव्ये ती इतक्या कमी पाण्यात बाहेर टाकतात, की माणसाच्या मूत्रापेक्षा मांजराचे मूत्र दुपटीहून अधिक दाट होऊ शकते. वाळवंटात ही मोठीच सिद्धी. अडचण इतकीच, की ज्याला पाणी शोधावे लागत नव्हते त्याला तहानही उशिरा लागते. आणि वाळवंट सुटले तरी ही सवय सुटली नाही. शहरातल्या मांजराच्या ताटलीत उंदीर नसतो. दुकानातले कोरडे दाणे असतात. त्यांत पाणी जेमतेम दहा टक्के. चार किलो वजनाच्या मांजराला अन्नपाण्यातून मिळून दिवसाला दोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी लागते. दाण्यांवर वाढलेले मांजर ही तूट पिऊन भरून काढते खरे, पण पुरती नाही. बाकीचा भार मूत्रपिंडांनी वाहायचा, वर्षानुवर्षे, तक्रार न करता.

आमच्या घरातले मांजर चौदा वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वाहनतळावर, जुलैच्या पावसात, एका दुचाकीच्या बैठकीखाली सापडले. तळहातावर मावेल एवढे होते. मी त्याचे नाव ‘ओतू’ ठेवले. ‘ओतु’ हा संस्कृत शब्द व्याकरणाच्या विद्यार्थ्यांना संधीच्या एका सुप्रसिद्ध उदाहरणातून भेटतो. ‘स्थूल’ अधिक ‘ओतु’ यांचा ‘स्थूलोतु’ही होतो आणि ‘स्थूलौतु’ही, दोन्ही रूपे चालतात. म्हणजे लठ्ठ मांजर. पाणिनीय परंपरेने विकल्प देताना लठ्ठ मांजराची निवड करावी, याचे मला विद्यार्थिदशेपासून कौतुक आहे. उणादी परंपरा हा शब्द ‘अव्’, रक्षण करणे, या धातूशी जोडते. घराचे उंदरांपासून रक्षण करतो तो ओतु. संस्कृतात शब्द पुल्लिंगी, आमचे मांजर मादी. त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही.

पण मराठीत ‘ओतू’ या ध्वनींना दुसराही अर्थ आहे, हे नाव ठेवल्यावर पहिल्याच संध्याकाळी उघड झाले. यजमानांनी किटली हातात घेऊन मला विचारले, “ओतू का?” आणि टोपलीतून एक लहानसे तोंड वर आले. या ‘ओतणे’चा त्या ‘ओतु’शी काही संबंध नाही, हे निव्वळ ध्वनिसाम्य. मात्र चौदा वर्षे आमच्या घरात कोणी चहा, आमटी किंवा ताक ओतू का असे विचारले, की मांजर कान टवकारते. समोच्चारी शब्दांचे इतके चोख उदाहरण मला कोणत्याही ग्रंथात मिळाले नाही.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे आली. ओतू तेव्हा चार वर्षांची होती. दिवसभर घरात त्या दोघीच. आईचे मत पहिल्यापासून ठाम होते. मांजराला पाण्याची वाटी कशाला? गावाला कोणी ठेवली होती? माझे म्हणणे असे, की गावाला डोण होती, पागोळ्या होत्या, अळवाच्या पानावर साचलेले पाणी होते, आणि गाबीतवाडीचे मासे होते. तिथे मांजराचे पाणी मांजरच पाहत असे. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत ते कुठून पाहणार? मग वाट्या ठेवल्या गेल्या. खाण्याच्या ताटलीजवळची वाटी ओतूने कधी मान्य केली नाही. पुष्कळ मांजरे अन्नाशेजारचे पाणी टाळतात, असे पशुवैद्य सांगतात. तिला पसंत पडले ते न्हाणीघरातल्या बादलीवर तरंगणाऱ्या तांब्यातले पाणी, आणि तेही क्वचित. मान लांब करून, पुढचे दोन पाय बादलीच्या काठावर ठेवून, ती पाण्याकडे आधी बराच वेळ पाही. मग चार-सहा वेळा टिपून निघून जाई. ती पाणी पिताना दिसली तर आम्ही एकमेकांना हाक मारून दाखवत असू, इतकी ती गोष्ट दुर्मीळ होती.

गेल्या वर्षी चैत्रात ही गोष्ट दुर्मीळ राहिली नाही. बादलीपाशी ओतू सकाळी दिसू लागली, दुपारी दिसू लागली, रात्री पाण्याच्या लपलपीने मला जाग येऊ लागली. आईला समाधान वाटले. उन्हाळा आहे, शेवटी मांजराला अक्कल आली, असे ती म्हणाली. मला ते पाहून बरे वाटेना. जन्मभर न पिणारे मांजर उतारवयात पिऊ लागते तेव्हा त्याला तहान लागलेली नसते, त्याच्याजवळचे पाणी टिकेनासे झालेले असते. काटकसरी मूत्रपिंडांची काटकसर संपली, की पाणी जसे येते तसे निघून जाते आणि मांजर मागून भरत राहते. मी त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात नेले. रक्त तपासले, मूत्र तपासले. क्रिएटिनिन वाढलेले होते. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, की हा आकडा वाढलेला दिसतो तोवर मूत्रपिंडांचे सुमारे पाऊण काम थांबलेले असते. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार फार आढळतो. तो बरा होत नाही, सांभाळता येतो.

सांभाळायचे ते पाणीच. तिच्या खाण्यातून कोरडे दाणे गेले, ओले अन्न आले, आणि त्यातही कोमट पाणी मिसळू लागलो. घरात पाच ठिकाणी पाच भांडी बसली. एवढ्याने भागेना, तेव्हा एक दिवसाआड शंभर मिलिलिटर सलाइन तिच्या कातडीखाली घालायचे ठरले. मांजराच्या मानेमागची, खांद्यांवरची कातडी सैल असते. ती चिमटीत धरून वर उचलली की एक लहानशी राहुटी तयार होते, आणि त्या राहुटीत सुई सरकवायची. डॉक्टरांनी तीनदा करून दाखवले, चौथ्या वेळी माझ्याकडून करवून घेतले.

तेव्हापासून आमच्या खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली टांगलेली असते. आधी ती गरम पाण्यात ठेवून अंगाइतकी कोमट करायची. ओतूला टॉवेलसह मांडीवर घ्यायचे. यजमान नळीची चकती फिरवतात, मी सुई धरते, आई समोर बसून तिच्या कपाळावरून बोट फिरवते. सातआठ मिनिटे लागतात. खांद्याशी पाण्याचा एक उंचवटा येतो, तो हळूहळू एका बाजूला उतरतो, आणि संध्याकाळपर्यंत शरीरात मुरून जातो. जिने आयुष्यभर पाण्याला हातभर दूर ठेवले, तिच्या कातडीखाली आम्ही पाणी साठवतो. पहिल्या दिवशी सुई टोचण्यापूर्वी माझ्या तोंडून सहज गेले, “ओतू, ओतू का?” वाक्य पूर्ण झाल्यावर ते मला ऐकू आले. संबोधन आणि क्रियापद एकाच रूपात. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले, कारण तिच्या कानांनी फक्त आपले नाव ऐकले होते, दोनदा. त्यानंतर मी दरवेळी तसेच विचारते. तिला हाक मारते की तिची परवानगी मागते, हे आता मलाही वेगळे करता येत नाही.

आता ‘मार्जन’ आणि ‘मार्जार’ यांच्याविषयी जे सांगायचे राहिले आहे ते सांगते. आजार ध्यानात आला त्या सुमारास ओतूने अंग चाटणे जवळजवळ सोडले होते. पाठीवरचे केस चिकटून त्यांच्या वाती झाल्या होत्या. आईच्या ते आधी लक्षात आले. “हिने स्नान सोडले,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला प्रथमच काळजी जाणवली. मांजर जागेपणीच्या वेळेचा जवळपास चौथा हिस्सा अंग चाटण्यात घालवते. २०१८ साली जॉर्जिया टेक या संस्थेतल्या ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी त्या जिभेचा अभ्यास प्रसिद्ध केला. मांजराच्या जिभेवरचे काटे टोकाशी पन्हळीसारखे पोकळ असतात. तोंडातली लाळ त्या पन्हळींत आपोआप चढते, आणि जीभ केसांतून फिरली की पार कातडीजवळ जाऊन उतरते. तिथून ती सुकताना अंगही निवते. म्हणजे मांजर कोरडे स्नान करत नाही. ते पाण्यानेच स्नान करते, फक्त बाहेरच्या पाण्याने नाही. स्वतःच्या आत असलेले पाणी ते काट्याकाट्याने अंगभर शिंपडते. पडवीतल्या त्या दोन टोकांना मी लहानपणी पाहत होते ती दोन मार्जनेच होती. एकाचे पाणी पळीत होते, दुसऱ्याचे तोंडात. आणि शरीरातले पाणी आटले, तेव्हा मार्जारातले मार्जनही आटले.

सलाइन सुरू झाल्यावर पाचव्या की सहाव्या दिवशी, दुपारी, आईने मला महाविद्यालयात दूरध्वनी केला. एरवी ती तसे करत नाही. मी वर्गाबाहेर येऊन विचारले, काय झाले? “पंजा चाटला,” ती म्हणाली. “मग?” “मग कान. आता पाठीकडे वळली आहे.” क्रम तोच होता. मी पुन्हा वर्गात गेले तेव्हा फळ्यावर ‘वर्णलोपाची कारणे’ असा मथळा होता, आणि त्याखाली काय लिहायचे होते ते आठवायला मला थोडा वेळ लागला.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. उतारवयात माणसाचीही तहान मंदावते. शरीराला पाणी हवे असते आणि मनाला ते कळत नाही. तिच्या डॉक्टरांनी तिला दिवसाला सहा पेले पाणी प्यायला सांगितले आहे. हे सांगून तीन वर्षे झाली. ती ‘हो’ म्हणते आणि दोन पेल्यांवर थांबते. आम्ही विचारले तर तिचे उत्तर ठरलेले असते, “तहान नाही तर प्यायचे कशाला?” ओतूच्या बाबतीत मात्र तिला ते उत्तर पटत नाही. तिच्या पाचही भांड्यांत ती सकाळी मापाने पाणी घालते, औषधाच्या बाटलीवरच्या टोपणाने, आणि रात्री उरलेले मोजते. सलाइनचा दिवस कोणता, वजन किती, ओले अन्न किती खाल्ले, हे सारे ती स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, तारखेच्या चौकोनात, बारीक अक्षरात लिहिते. तिचे अक्षर पूर्वीसारखे राहिलेले नाही, पण आकडे स्वच्छ असतात.

ओतूचे वजन दोन महिने स्थिर आहे. पुढची रक्ततपासणी मार्गशीर्षात. काल रात्री दूधवाल्याचा हिशेब पाहायला मी दिनदर्शिकेपाशी गेले. कार्तिकाच्या पानावर प्रत्येक चौकोनात नेहमीची ओळ होती, ‘ओ’ आणि त्यापुढे मिलिलिटर. गेल्या आठ दिवसांपासून त्या ओळीखाली आणखी एक ओळ सुरू झाली आहे. त्या ओळीच्या आरंभी ‘मी’ असे लिहिले आहे. आकडे असे आहेत: ३, ३, ४, ३, ४, ४, ५, ४.